माझ्या नावाने निघालेले हुकूम

मला कांदा-लसूण चालत नाही, ही गोष्ट मला सिडनीतल्या क्वेकर्स हिलला एका घरी जेवायला बसल्यावर कळली. बाकी सगळ्यांच्या ताटात लसणाच्या वाटणातली भरली वांगी होती आणि माझ्या ताटात दुधीची पांढरीफटक भाजी. घरच्या वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "काका, तुमच्यासाठी वेगळी केलीय हं. तुमचं सगळं कडक असतं, ठाऊक आहे आम्हाला." मी सुनेकडे पाहिलं. ती छताच्या दिव्याकडे बघत होती.

परतताना गाडीत तिने खुलासा केला. "सॉरी बाबा. मागे त्यांनी ऐन वेळी पावभाजीला बोलावलं होतं. दिवसभर मीटिंगा करून मला अगदी कंटाळा आला होता. म्हणून म्हटलं, आमच्या बाबांना कांदा-लसूण चालत नाही, आम्ही घरीच जेवतो."

"मग आता सांगून टाक, चालतं म्हणून."

"आता कसं सांगू? त्यांना काय वाटेल?"

त्यांना काय वाटेल, याच्यापुढे आपल्या माणसांत अपील नसतं. क्वेकर्स हिलच्या वहिनींनी ही बातमी इतरांना सांगितली, त्यांनी आणखी इतरांना. आता या बाजूच्या सिडनीत मी कुठल्याही मराठी घरी गेलो की तिथे दुधी शिजतो. माझ्यामुळे वेंटवर्थव्हिलच्या भाजीवाल्याचा दुधी खपतो आहे, असं मी मुलाला एकदा म्हणालो. तो हसला, पण त्याने काही केलं नाही.

हा एकच हुकूम माझ्या नावाने सुटला असता तर मी लक्षही दिलं नसतं. पण मी कॅसल हिलला मुलाकडे कायमचा राहायला आलो, आणि हळूहळू कळत गेलं की मी बराच जाचक माणूस आहे. मला जागरण सोसत नाही, म्हणून ही मंडळी पार्टीतून लवकर निघतात. मला लांबचा प्रवास नको असतो, म्हणून ईस्टरला कुणाबरोबर कँपिंगला जाता येत नाही. नात लहान असताना तिला कुत्रा हवा होता, पण आजोबांना कुत्र्याची भीती वाटते, म्हणून तो आला नाही. वास्तविक पुण्यात आमच्या गल्लीतली कुत्री मला कोपऱ्यापर्यंत सोडायला यायची. हे मी नातीला सांगितलं तेव्हा ती कुत्र्याच्या वयातून बाहेर पडली होती.

तक्रार करतोय असं समजू नका. मानाला काही कमी नाही. गणपती माझ्या हातून बसतो. नव्या गाडीपुढे नारळ मी फोडतो, गाडी कुठली घ्यायची ते ठरल्यावर. रंगकाम काढलं तेव्हा सुनेने मला बैठकीच्या खोलीत नेऊन विचारलं, "बाबा, तुम्ही सांगा, कुठला रंग?" मी फिका पिवळा म्हणालो. समोरच्या भिंतीवर राखाडी रंगाचा पहिला हात वाळत आला होता. "हा पण छान दिसतोय ना?" ती म्हणाली. मी छान म्हणालो. "बाबांना आवडला!" ती आतल्या खोलीत मुलाला ओरडून सांगती झाली. ती प्रोजेक्ट मॅनेजर आहे, दिवसभर असंच करून लोकांकडून कामं करून घेते, आणि मला ती मनापासून आवडते. माझ्या गोळ्या, माझे गुडघे, माझा चष्मा, सगळं तिच्या ध्यानात असतं. फक्त माझं मत काय ते तिला आधीच माहीत असतं, एवढंच.

मी कोण आहे, हे मला एका व्हिएतनामी माणसाने सांगितलं. आमच्या इथल्या कम्युनिटी सेंटरमध्ये म्हाताऱ्यांसाठी टेबल टेनिस असतं. तिथे माझ्याच वयाचा एक निवृत्त दंतवैद्य येतो. ऐन तारुण्यात इथे आलेला, त्यामुळे बोलणं अस्सल इथलं, आणि सर्व्हिस इतकी वाकडी की ती बघून मनुष्यस्वभावाविषयी शंका यावी. तोही मुलीकडे राहतो. एका खेळानंतर मी त्याला दुधीची आणि भिंतीच्या रंगाची कथा सांगितली. तो इतका हसला की त्याला बॅट खाली ठेवावी लागली.

"मेट," तो म्हणाला, "यू आर अवर एम्परर!"

मग त्याने मला त्यांच्याकडचा एक बादशहा सांगितला. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीचा. त्यांच्या देशाच्या उत्तरेत तेव्हा बादशहाचं एक घराणं होतं आणि एका सरदाराचं एक. बादशहा राजवाड्यात राहायचा. सरदार जवळच, पण आपल्या वेगळ्या वाड्यात. सैन्य सरदाराचं, वसुली सरदाराची, नेमणुका सरदाराच्या. बादशहाने चांगले कपडे घालायचे, ठरल्या दिवशी आभाळाची पूजा करायची आणि दरबारात बसायचं. फर्मान निघे ते बादशहाच्या नावाने. सरदाराने मनात आणलं असतं तर तो स्वतःच गादीवर बसू शकला असता, पण मग लोक म्हणाले असते, हा कोण लागून गेला? त्यापेक्षा बादशहा असलेला बरा.

"त्याचं लग्नसुद्धा सरदाराने लावलं," दंतवैद्य म्हणाला. "स्वतःच्या मुलीशी. तिचं आधी एक लग्न झालेलं, मुलं झालेली. बादशहाला विचारलं असेल, रंग आवडला का?"

मला हे सगळं ऐकून परकं वाटेना, त्याला कारण आहे. माझी सगळी नोकरी पुण्याच्या एका सरकारी दप्तरखान्यात गेली. मोडी लिपीतली जुनी पत्रं आणि सनदा वाचायच्या, त्यांचा सारांश करायचा, कसरीने खाल्लेल्या जागी अंदाज बांधायचा. साताऱ्याला छत्रपती आणि पुण्याला पेशवे, हे मी इतकी वर्षं रोज हाताळलं आहे. पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून यायची, शिक्क्यात नाव छत्रपतींचं असायचं, आणि कारभार पुण्याहून चालायचा. हे मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला, म्हणजे तुला तर सगळं आधीच ठाऊक होतं. होतं, पण कागदावर. कागदावरचं माणूस आपल्या घराला लावून बघत नाही.

माझी व्यावसायिक खोड अशी की ऐकीव गोष्टीवर मी झोपू शकत नाही. लायब्ररीत जाऊन मी जाडजूड पुस्तक काढलं आणि पडताळून पाहिलं. दंतवैद्याने मीठमसाला लावला होता, पण पदार्थ खरा होता.

आमचा वाद एकाच गोष्टीवर असे. त्याच्या मते बादशहा सुखी होता. काम नाही, जबाबदारी नाही, जेवण वेळेवर. माझ्या मते नसावा. "तू आहेस की सुखी," तो म्हणायचा. मी वाद घालायला तोंड उघडेपर्यंत तो सर्व्हिस करून पॉइंट घ्यायचा.

खरं सांगायचं तर माझी कारकीर्द सिडनीला सुरू झाली नाही. सुनेला ही विद्या सासूकडून मिळाली. माझी बायको या कलेतली गुरू होती. दारात वर्गणीवाले आले की, "हे घरी नाहीत, यांना विचारून सांगते." मी आत चहा पीत असायचो. नणंदेला महिनाभर राहायला यायचं असलं की, "यांची परीक्षा आहे हो खात्याची." मी कुठलीही परीक्षा देत नव्हतो. मुलगा ऐकेनासा झाला की, "थांब, बाबांना येऊ दे घरी." बाबा घरी यायचे, चपला काढायचे, आणि मुलगा घाबरून अभ्यासाला बसलेला असायचा. मी त्याला उभ्या आयुष्यात एक चापट मारलेली नाही. मला वाटे, शांत मुलगा आहे.

तिला माझ्या पगारात संसार करायचा होता, भिडस्त नवऱ्याबरोबर. माझं नाव वापरल्याशिवाय तिचं भागलं नसतं. मी तिला एकदा म्हणालो, "अगं, लोकांना वाटत असेल मी राक्षस आहे." ती म्हणाली, "वाटू दे. राक्षसाच्या बायकोला कुणी त्रास देत नाही." आम्ही दोघं हसलो होतो. तिला जाऊन काही वर्षं झाली, पण या वाक्याला मी अजून एकटा हसतो.

मुलाला माझ्या कामात कधी रस वाटला नाही, याचं मात्र मला आत कुठेतरी वाईट वाटायचं. लहानपणी सुट्टीत तो माझ्याबरोबर दप्तरखान्यात यायचा, टेबलाखाली बसून राहायचा. पुढे बंद झालं. त्याला धुळीचा त्रास होतो, असं त्याची आई म्हणाली. मग तो इंजिनियर झाला, इथे आला, आता मेट्रोने ऑफिसला जातो आणि तिथे लोकांना ढगात कागद ठेवायला शिकवतो. त्या ढगाला कसर लागत नाही, असं तो मला चिडवतो.

आता नातीचं सांगतो, कारण सगळं तिच्यामुळे घडलं. ती बारावीला होती. शाळा सिलेक्टिव्ह, म्हणजे परीक्षा देऊन प्रवेश मिळवायची. आमच्या ओळखीतल्या सगळ्या आयांचा जीव जिच्यात अडकलेला असतो तसली. शाळेतून आली की ती माझ्याबरोबर चहा प्यायची. मी मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत, आणि दोघांना वाटायचं की समोरचा फार छान बोलतो. त्या वर्षी ती यायची थांबली. दाराशी "हाय आजोबा" म्हणायची आणि जिना चढून वर जायची. जेवताना माझ्याकडे बघायची नाही. मी मनाला समजावलं की वय आहे, अभ्यास आहे. पण चहा दोन कप ठेवायची माझी सवय गेली नाही, आणि दुसरा कप मीच प्यायलो की पित्त व्हायचं.

तिने नुकतं लायसन्स काढलं होतं. गाडीवर नवशिक्यांची लाल 'पी' पाटी लावून तिला चालवायची हौस होती आणि कुणीतरी शेजारी बसलं की तिच्या आईला बरं वाटायचं. एका शनिवारी सून म्हणाली, बाबांना ज्वारीचं पीठ हवंय, त्यांना वेंटवर्थव्हिलला घेऊन जा. मला पीठ नको होतं, पण मी निमूट निघालो. दुकानातून परत येऊन गाडीत बसलो, पिठाची पिशवी माझ्या मांडीवर, आणि ती गाडी सुरूच करेना.

"आजोबा, कॅन आय आस्क यू समथिंग? डोन्ट गेट सॅड, ओके?"

"विचार की."

"व्हाय डू यू वॉन्ट मी टु बी अ डॉक्टर सो मच?"

मी म्हटलं, "कोण म्हणालं?"

"डॅड. ही सेड इट्स युअर लास्ट विश."

"लास्ट? मी कुठे निघालोय?"

ती हसली नाही. ती रडायला लागली, आणि रडता रडता तिच्या मोडक्या मराठीत सगळं बाहेर आलं. तिला लहान मुलांना शिकवायचं होतं. अगदी लहान, बालवाडीतल्या मुलांना. सुट्टीत एका पाळणाघरात काम करताना तिला कळलं होतं की आपल्याला हेच जमतं आणि हेच आवडतं. घरी सांगितल्यावर आई म्हणाली, एवढे मार्क वाया घालवणार? आणि डॅड म्हणाले, तुला काय करायचं ते कर, पण आजोबांना तू सांग. त्यांनी आयुष्यभर हे एकच स्वप्न बघितलंय, त्यांच्या मनाला किती लागेल. "सो आय कुडन्ट इव्हन लुक ॲट यू," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही चहा देता आणि आय ॲम लाइंग टु यू."

मला संताप आला. इतका, की पिशवीवरची माझी बोटं पिठात रुतली. कांदा गेला, लसूण गेला, कुत्रा गेला, कँपिंग गेलं, मी हसून सोडून दिलं. पण माझंच नाव घेऊन माझी नात माझ्यापासून तोडायची, हे मला सहन होईना.

"मी असं कधीही म्हणालो नाही," मी म्हणालो.

"देन टेल देम. पुढच्या आठवड्यात युनीचे प्रेफरन्सेस क्लोज होतात. मग चेंज करता येणार नाहीत."

"सांगतो."

तिने डोळे पुसले आणि गाडी सुरू केली. "यू नेव्हर से एनिथिंग, आजोबा," ती म्हणाली. रागाने नाही, माझी कीव करत, आणि ते जास्त लागलं.

घरी जाऊन लगेच बोलावं, तर आमच्या घरात बोलायची पद्धत मला ठाऊक होती. मी मुलाला बाजूला घेऊन सांगणार, तो "हो बाबा, बरोबर आहे तुमचं" म्हणणार, सून "आपण बघू" म्हणणार, आणि राखाडी रंगाचा दुसरा हात लागणार. त्याच संध्याकाळी मी टेबल टेनिसला दंतवैद्याला गाठलं. त्याने सगळं ऐकलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो चेष्टा करेना.

"बादशहाच्या बापाचं तुला सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "बापही बादशहाच होता. त्याला एकदा वाटलं, आपण खरंच राज्य करावं. सरदाराविरुद्ध त्याने कट केला. तो उघडकीला आला आणि सरदाराने त्याला गळफास घ्यायला लावला. मग त्याच्या कोवळ्या पोराला गादीवर बसवलं. त्या पोराने तोंड उघडलं नाही, यात नवल काय?"

"पुढे काय झालं त्याचं?"

"पुष्कळ वर्षं बसवून त्याला खाली उतरवलं. त्याच्या मुलाला बसवलं. मग तो मुलगा तरुण वयातच मेला, मागे वारस नाही. तेव्हा पुन्हा बापालाच बोलावलं, की या, बसा. दुसऱ्यांदा बादशहा झाला तो, पोराच्या रिकाम्या जागेवर." त्याने बॅटचं रबर अंगठ्याने दाबलं. "तेवढ्यापुरता तो सुखी नव्हता. तेवढं तुझं मी मान्य करतो."

मी म्हटलं, मला कुणी फास लावणार नाही. तो म्हणाला, मग तू कसली वाट बघतोयस?

दुसऱ्या दिवशी, रविवारी, क्वेकर्स हिलची मंडळी आमच्याकडे जेवायला होती. मागच्या अंगणात मुलगा बार्बेक्यूवर पनीर, कांदे आणि मक्याची कणसं भाजत होता, सून सॅलड कापत होती. वहिनींनी माझ्यासाठी वेगळा डबा आणला होता. त्यात काय होतं ते सांगायला नको. बोलता बोलता वहिनींनी नातीला विचारलं, "मग काय, मेडिसिनच ना?"

नात पाण्याच्या जगकडे बघत राहिली. मुलगा चिमटा हलवत म्हणाला, "म्हणजे काय! बाबांची फार इच्छा आहे. त्यांनी आयुष्यात कधी काही मागितलं नाही, हे एकच मागितलंय."

"मी नाही मागितलं," मी म्हणालो.

माझा आवाज जरा मोठा निघाला असावा, कारण शेजारच्या कुंपणापलीकडचं गवत कापायचं यंत्रसुद्धा थांबल्यासारखं वाटलं.

"मी कधीच म्हणालो नाही की तिने डॉक्टर व्हावं. माझी इच्छा विचाराल तर तिने लहान मुलांना शिकवावं. तिलाही तेच हवंय आणि तिला ते छान जमेल." सगळे माझ्याकडे बघत होते. एकदा बोलायला लागल्यावर थांबायचं कसं, याची मला सवय नव्हती, म्हणून मी पुढे म्हणालो, "आणि मला कांदा चालतो. लसूणही चालतो."

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या. "मग काका, तो इतका दुधी..."

"उत्तम असायचा," मी म्हणालो. "पण पुरे."

सुनेचा चेहरा लालबुंद झाला. ती काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून तिला हसू फुटलं. तिला आवरेना. वहिनींनाही हसू आलं. सून उठली, बार्बेक्यूवरचे भाजलेले कांदे चिमट्याने उचलले आणि माझ्या ताटात वाढले. नात माझ्या शेजारी येऊन बसली, अगदी खांद्याला खांदा लावून, आणि तिने डबा हळूच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला. मुलगा मात्र हसला नाही. तो पाठ फिरवून कणसं परतत राहिला.

मंडळी गेली तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. सून आणि नात आत भांडी लावत होत्या. मुलगा बार्बेक्यूची प्लेट जमिनीवर ठेवून, पाइप लावून घासत होता. मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसलो.

"सगळ्यांसमोर बोलायची गरज नव्हती, बाबा."

"एकट्यात बोललो असतो तर ऐकलं असतंस?"

तो घासत राहिला. मग म्हणाला, "तिला सांगितलंय मी आत्ता, तुला काय भरायचं ते भर. आईशीही बोललो तिच्या. तो विषय संपला." ब्रश त्याने प्लेटवर आपटला. "पण माझ्या वेळी का नाही बोललात?"

"तुझ्या वेळी काय?"

"मला दप्तरात यायचं होतं. तुमच्यासारखं. बारावीनंतर मला इतिहास घ्यायचा होता. आई म्हणाली, बाबांची इच्छा आहे तू इंजिनियर व्हावंस. त्यांना विचारूही नकोस, म्हणाली, त्यांच्या मनाला फार लागेल. म्हणून नाही विचारलं. मोडी शिकायला लागलो होतो मी, तुम्हाला न सांगता. तुमच्या कपाटातली जुनी पाठ्यपुस्तकं घेऊन."

मला ते खरं वाटेना. धुळीचा त्रास होणारा मुलगा. मी काहीतरी बोललो असेन, कारण त्याने माझ्याकडे बघितलं, बोट साबणाच्या पाण्यात बुडवलं आणि अंगणातल्या फरशीवर एक आडवी रेघ ओढली. लांब, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिच्याखाली अक्षरं लिहायला लागला, बोट न उचलता, एकातून दुसरं काढत. देवनागरी लिहिणारा माणूस अक्षरं आधी लिहितो आणि रेघ मागून देतो. रेघ आधी पूर्ण ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची, ही मोडीची पद्धत आहे, आणि ती नुसती बघून कुणाला येत नाही. ती हाताला लावून घ्यावी लागते. अक्षरं वेडीवाकडी होती, उन्हाने ती लगेच वाळायलाही लागली, पण वळण बरोबर होतं. ते माझं वळण होतं.

मला रडू आलं. इतकी वर्षं मी समजत होतो की माझं काम माझ्या मुलाला कंटाळवाणं वाटलं. आणि हा माझ्या कपाटातून पुस्तकं चोरून माझ्यासारखं लिहायला शिकत होता, भिंतीच्या पलीकडे, एकाच घरात.

"आई म्हणाली ते खरं होतं ना, बाबा?" त्याने विचारलं. "तुमचीच इच्छा होती ना ती?"

ती समोर असती तर मी तिच्याशी कडकडून भांडलो असतो. का केलंस म्हणून विचारलं असतं. पण का केलं ते मला माहीत होतं. महिन्याच्या शेवटी तिने काय काय करून घर चालवलं ते मी बघितलं होतं, आणि आपल्या पोराच्या बायकोवर ती वेळ येऊ नये, असंच तिला वाटलं असणार. आता ती उत्तर द्यायला नव्हती. मी होतो.

"हो," मी म्हणालो. "माझीच होती."

फरशीवरची अक्षरं जवळजवळ गेली होती.

"मला कायम वाटायचं, तिचीच असणार," तो म्हणाला. "शेवटपर्यंत नीट बोललो नाही मी तिच्याशी. उगाचच राग धरला."

तो उठला आणि माझ्याकडे न बघता आत गेला. पाइप चालूच होता. मी नळ बंद केला.